गजकर्ण, इसब की अजून काही? मेडिकलवरची ट्यूब लावायच्या आधी एकदा नीट बघा

निफाडची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सासर निफाडकडं, द्राक्षबाग आहे, मुलांच्या शाळेसाठी आम्ही इंदिरानगरला राहतो आणि दर शनिवार-रविवार गावी.

मागच्या पावसाळ्यात माझ्या कमरेला, जिथं परकराची नाडी बसते ना तिथं, रुपयाएवढा गोल चट्टा उठला. खाज अशी की रात्री झोपेतून उठून खाजवायचे. मेडिकलवर गेले, चट्टा काही दाखवला नाही, नुसतं "खाजेवर काहीतरी द्या" म्हणलं, त्यांनी एक ट्यूब दिली आणि खरंच दोन दिवसात खाज गायब. पंधरा दिवसांनी परत आली, परत ट्यूब, परत आराम, असं करत करत चार महिने गेले आणि तोवर चट्टा कमरेवरून पोटावर, तिथून जांघेत, आणि मग मिस्टरांना आणि धाकट्यालापण.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी चट्टा बघायच्या आधी ट्यूब मागितली. ट्यूबच्या मागचं ते मुंगीएवढं अक्षर मला वाचायला लावलं. क्लोबेटासॉल, म्हणजे जबरदस्त स्टिरॉइड, सोबत बुरशीचं औषध, सोबत अँटिबायोटिक, सगळं एकात. म्हणाले स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते म्हणून तुम्हाला बरं वाटतं, पण खाली बुरशीला रान मोकळं. त्यांनी बोथट ब्लेडनं चट्ट्याच्या कडेची थोडी खपली काचपट्टीवर खरवडली, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबले आणि मलाच मायक्रोस्कोपमधून बघायला सांगितलं. काचेसारख्या पारदर्शक, फांद्या फुटलेल्या दोऱ्या. ती बुरशी. चार महिने मी तिलाच पोसत होते.

जांघेतली कातडी पातळ होऊन जांभळ्या रेघा उमटल्यात, बाळंतपणानंतर पोटावर येतात तशा. बुरशी गेली, पण रेघा आता राहणार म्हणाले.

म्हणून हा धागा. आपल्याकडं अंगावर काही उठलं की पहिला प्रश्न "काय लावू" असतो, "हे आहे काय" हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मला इथं एवढंच हवंय की आपण सगळ्यांनी आपापले अनुभव लिहावेत, कोणाला काय झालेलं, आधी काय समजलात, निघालं काय, आणि कशावरून कळलं. घरच्या घरी औषध करायला नाही, तर चुकीचं औषध न लावायला.

माझ्याकडून सुरुवात: गजकर्ण म्हणजेच नायटा. कड बघायची. कड उंच, बारीक पुळ्यांची, खवलेदार, आणि मधली कातडी जवळपास साफ, म्हणजे अंगठीसारखं दिसतं आणि अंगठी बाहेर बाहेर वाढत जाते. पण स्टिरॉइड लावलेलं असेल तर ही कड पुसली जाते आणि मग भलेभले फसतात. मुळात त्या ट्यूबचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, ती रोगाचा चेहराच बदलून टाकते.

सातपूरचा_फिटर

ताई फार गरजेचा धागा. माझं उलटं झालं. कंपनीत मशीनवर काम, दिवसभर कूलंटच्या पाण्यात हात. बोटांच्या मधे आणि मनगटापर्यंत खाज, बारीक पाण्याचे फोड, मग भेगा. सगळे म्हणले नायटा आहे. दीड महिना बुरशीचं मलम लावलं, काडीचा फरक नाही. दिवाळीला आठ दिवस सुट्टी होती, जळगावला सासरी गेलो, काहीही न लावता हात निम्मे बरे झाले. कामावर आलो की तिसऱ्या दिवशी परत सुरू. हे डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणले तुम्ही स्वतःच निदान करून आणलंय, हा कॉन्टॅक्टचा इसब, म्हणजे कातडीला लागणाऱ्या गोष्टीनं होणारा. वर मी हात धुवायला थिनर वापरायचो, तेल पटकन निघतं म्हणून, त्यानं कातडीचं होतं नव्हतं ते तेलपण निघून जात होतं. आता आत सुती आणि वर नायट्राइलचे हातमोजे, सुट्टी झाली की साधा साबण आणि लगेच व्हॅसलिन.

अजून पूर्ण गेलेलं नाही पण नट हातात धरला की रक्त यायचं ते थांबलं.

त्वचा_आणि_तारा

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, नाशकातच. इथं कोणाचं निदान करणार नाही, फोटोवरूनपण नाही, पण ओळखायचं कसं यावर थोडं लिहिते कारण धागाकर्तीनं मुद्द्याला हात घातलाय.

फिटर दादांनी जे केलं ते फार मोलाचं आहे, सुट्टीत कमी होतं का हे बघणं. पुढचा प्रश्न कड कुठं संपते. गजकर्णाला सीमा असते, बोटानं दाखवता येते. इसबाची कड आजूबाजूच्या कातडीत विरघळून जाते, नवा असेल तर पाझरतो, जुना असेल तर कातडी जाड, काळसर आणि खाजवून खाजवून तिच्यावरच्या रेघा खोल होतात. लहान बाळांना गालांवर, थोडं मोठं झालं की कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागं. सोरायसिसची कडपण स्पष्टच, पण त्यात मधला भाग साफ नसतो, पूर्ण चट्टाच जाड असतो आणि वर चंदेरी पापुद्रे, खरवडले तर मेणबत्तीचं मेण खरवडल्यासारखे निघतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यावर, डोक्यात, कमरेच्या खाली, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडं सारखं. मी तर आधी नखं बघते. सोरायसिसमध्ये नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. सोबत सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील तर ते आवर्जून सांगा, सांध्यांचा सोरायसिस वेळेत पकडला नाही तर बोटं वाकडी होतात. आणि तो स्पर्शानं पसरत नाही. एका मुलीला तिच्या ऑफिसात वेगळा कप दिला होता, हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अजून एक, रंगाबद्दल. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, त्यात सगळं लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर तेच जांभळट, करडं, चॉकलेटी दिसतं. "लाल नाही म्हणजे सूज नाही" असं समजू नका. हात फिरवून बघा, गरम लागतंय का, खरखरीत आहे का, उंच आहे का.

स्टिरॉइडबद्दल: ते औषध वाईट नाही. इसबाला, सोरायसिसला मी रोज लिहिते, किती ताकदीचं, कुठं आणि किती दिवस हे ठरवून. चेहऱ्यावर, जांघेत, काखेत कातडी पातळ असते, तिथं तेच मलम कितीतरी जास्त शोषलं जातं. २०१८ मध्ये सरकारनं बऱ्याच स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या देशात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरलीय जी टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा जुमानत नाही, त्यामुळं पूर्वी तीन आठवड्यात जाणारं गजकर्ण आता महिनोन्महिने चालतं. घरातल्या सगळ्यांचा एकदमच इलाज, टॉवेल वेगळे, कपडे उन्हात वाळवून उलटे करून इस्त्री, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण.

दिंडोरीकर_बागायतदार

डॉक्टर मॅडम आमच्या शेतकऱ्यांचंपण लिहा. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायला आम्ही काड्यांना पेस्ट लावतो, हायड्रोजन सायनामाइडची. मजूर उघड्या हातानं, नाहीतर फडक्यानं लावतात. दुसऱ्या दिवशी बोटं सुजलेली, कातडी सोललेली. आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत पायजे, त्या दिवशी संध्याकाळी कोणी दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छातीत धडधड, दम लागतो. आमच्याकडं एकाला असंच रात्री गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. आता मी पेस्टच्या दिवशी रबरी हातमोजे स्वतः वाटतो आणि बजावून सांगतो.

दुसरं, वडिलांचं. तीन वर्षं झाली, मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत पापण्या सुजतात, मानेची कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड झाली, काळी पडली. उन्हामुळं आहे म्हणून टोपी घालून फिरत होते. उन्हाचंच असेल का?

त्वचा_आणि_तारा

दादा, कानाच्या मागं आणि हनुवटीच्या खाली बघा. ऊन तिथं पोचत नाही. नुसतं उन्हाचं असेल तर त्या जागा, वरच्या पापण्या पण, बऱ्यापैकी मोकळ्या राहतात. तिथंपण उठलं असेल तर हवेतून येणाऱ्या गोष्टीचा संशय घ्यायचा, आणि आपल्या बांधावर तो संशयित कायम गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झाली त्याची आणि नंतर देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची ॲलर्जी येते, वाळलेल्या गवताची धूळ पापण्या, मान, कोपराची घडी अशा ठिकाणी बसते. दरवर्षी थोडं लवकर सुरू होतं आणि उशिरा थांबतं. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, त्यात कळतं. तोवर वडिलांना ते उपटायला अजिबात लावू नका, फुलावर यायच्या आधी दुसऱ्या कोणीतरी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आणि जाळू नका.

दिंडोरीकर_बागायतदार

आत्ता बॅटरी घेऊन बघितलं. कानामागं आहे. दोन्हीकडं. उद्याच नेतो.

पंचवटीची_आजी

मला टाइप करायला नात मदत करतेय. नागिणीबद्दल लिहायचंय. आमच्या ह्यांना २०१६ साली झाली. आधी दोन दिवस उजव्या बरगडीखाली आग आणि चमका, अंगावर काहीच नाही, आम्हाला वाटलं गॅसेस. मग घोळक्यानं पाण्याचे फोड, पाठीच्या कण्यापासून पुढं पोटापर्यंत पट्टा, फक्त उजवीकडं. शेजारीण म्हणाली तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. मी घाबरून गेले, काव लावून उतरवणाऱ्याकडं नेलं, तीन वाऱ्या केल्या, त्यात पाच दिवस गेले. फोड सुकले, मला वाटलं उतरली. पण दुखणं आठ महिने राहिलं. बनियन घासला तरी ओरडायचे. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर फार फरक पडला असता. ते पाच दिवस मी अजून विसरले नाही. बायांनो, उतरवायला जाऊ नका, आधी डॉक्टर.

त्वचा_आणि_तारा

आजी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, आणि तुमचा दोष नाही यात. कांजिण्यांचाच विषाणू, लहानपणी येऊन गेल्यावर नसांच्या गाठीत झोपून राहतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की एका नसेवरून बाहेर येतो, म्हणून एकाच बाजूला पट्टा आणि म्हणून आधी दुखणं मग फोड. दोन टोकं जुळून माणूस जातो हे खोटं. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं, नजरेचा प्रश्न असतो. आणि पन्नाशीच्या पुढं लस मिळते, डॉक्टरांना विचारा.

होस्टेलवाला_गंगापूररोड

मला सप्टेंबरमध्ये मानेवर असाच पट्टा उठलेला, रूममेट म्हणला नागीण. सकाळी उठलो तर पेनानं ओढल्यासारखी लाल रेघ, दुसऱ्या दिवशी त्यात पिवळट फोड, आग आग. आणि हाताच्या घडीत वरती एक आणि खालती एक, डिट्टो सारखे दोन डाग, हात मिटला की एकमेकांवर बसायचे. डॉक्टर दोन मिनिटात म्हणले किडा. चावलेला नाही, चिरडलेला.

त्वचा_आणि_तारा

बरोबर. मुंगीएवढा लांबट, तांबडा-काळा किडा, पावसाळ्यात आणि नंतर ट्यूबलाइटपाशी येतो. मानेवर बसला की आपण झोपेत हात फिरवतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. आग लगेच होत नाही, बारा-चोवीस तासांनी, म्हणून किडा आठवत नाही. नागिणीत आधी दुखतं आणि मग घोळके, यात सकाळी थेट रेघ. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, जागा साबणानं धुवा, ज्या हातानं लागला तो डोळ्याला नको. खिडकीला जाळी लावा, झोपताना लाइट बंद.

नवी_आई_सिडको

माझ्या मुलाला (६ वर्षं) दोन्ही गालांवर फिकट पांढरे डाग आलेत. सासूबाई म्हणतात जंत आहेत, शाळेतल्या बाई म्हणतात कॅल्शियम कमी, आणि काल एका नातेवाईकानं फोनवर हळूच "कोड तर नाही ना" असं विचारलं. तेव्हापासून झोप नाही मला. काय बघू?

त्वचा_आणि_तारा

ताई, शांतपणे, दिवसाच्या उजेडात बघा. कोड असेल तर डाग खडूसारखा किंवा दुधासारखा पांढराशुभ्र, कड स्पष्ट, कातडी एकदम गुळगुळीत, कधी त्यावरचे केसपण पांढरे. मुलांच्या गालांवरचे डाग बहुतेक वेळा नुसते फिकट, कड अस्पष्ट आणि वर पिठासारखा बारीक कोंडा. तो सौम्य इसबाचा प्रकार, नाशकातल्या थंडीत कातडी कोरडी पडली की आणि उन्हातून आल्यावर जास्त उठून दिसतो. जंतांचा आणि कॅल्शियमचा त्याच्याशी संबंध नाही. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, तरी एकदा दाखवून घ्या म्हणजे तुम्हाला झोप येईल. आणि समजा कोड असलंच, तरी ते संसर्गजन्य नाही आणि लवकर सुरू केलं तर लहान मुलांत रंग बऱ्याचदा परत येतो, हे त्या नातेवाइकांनाही सांगा.

मोठ्यांच्या छातीवर, पाठीवर, खांद्यावर घामाच्या दिवसात फिकट नाहीतर तपकिरी ठिपके येतात आणि नखानं खरवडलं की भुसा निघतो, ती शिबं. बुरशीच, पण गजकर्णापेक्षा वेगळी आणि साधी. गेल्यावरही रंग यायला काही महिने लागतात, त्या काळात लोक उगीच परत परत औषध लावत बसतात.

आणि फिकट डागात एक गोष्ट कधीच विसरायची नाही: तिथं स्पर्श कळतो का? डोळे मिटायला सांगा, कापसाची वात करून तिच्या टोकानं डागाला आणि मग बाजूच्या चांगल्या कातडीला हलकेच स्पर्श करा, जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगा. डागावरचा स्पर्श कळत नसेल, तिथं घाम येत नसेल, केस गळले असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी त्याच आठवड्यात.

निफाडची_सून

यावर मला लिहायचंच होतं. आमच्या बागेत थिनिंगला, म्हणजे द्राक्षाचे मणी विरळ करायला, येणाऱ्या एक मावशी आहेत. एकदा दुपारी चहा करताना गरम पातेलं त्यांच्या मनगटाला चिकटलं, कातडी पांढरी होऊन वर आली, आणि मावशी बोलतच होत्या. मीच ओरडले. तिथं तांबूस फिकट डाग होता, दोन वर्षांपासून, दुखत नाही खाजत नाही म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. माझे स्किनचे डॉक्टर म्हणाले होते तसं मी पिसानं स्पर्श करून बघितलं, त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. औषध फुकट, महिन्याचं पाकीट मिळतं. घरी मात्र सुनेनं ताट वेगळं केलं, मग मी आणि आशाताई दोघी जाऊन बसलो, दोन तास बोललो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसात दुसऱ्याला पसरायची भीती जवळपास राहत नाही, हे आशाताईंनी तीन वेळा समजावलं. या वर्षी मावशींचा कोर्स पूर्ण झाला आणि त्या परत थिनिंगला आल्या. करंगळी थोडी वाकडी राहिली, तेवढं उशिराचं.

त्वचा_आणि_तारा

हे वाचून फार बरं वाटलं. कोर्स डागांच्या संख्येवर ठरतो, ६ महिने किंवा १२ महिने. त्या मावशींच्या घरातल्या सगळ्यांना पण तपासून घेतलंय ना?

निफाडची_सून

हो, सगळे. नातवालापण.

नाशिकरोड_एकत्रकुटुंब

आमचं थोडक्यात. सात जणांचं घर, आधी भाच्याला खाज, मग एकेक करून सगळ्यांना. रात्री दिवे मालवले की सुरू. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, बेंबीपाशी. आम्ही पित्त समजून आमसुलाचं पाणी लावत होतो. खरूज निघाली. परमेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, सातही जणांनी एकाच रात्री, ज्यांना खाज नव्हती त्यांनीपण, सकाळी अंघोळ, चादरी गरम पाण्यात, आठवड्यानं परत. पहिल्या वेळी आजोबा "मला काही नाही" म्हणून राहिले आणि महिन्यात सगळं पुन्हा आलं.

त्वचा_आणि_तारा

पित्ताच्या गांध्या एका जागी चोवीस तासांच्या वर टिकत नाहीत. पेनानं एकीभोवती गोल करा आणि उद्या बघा, ती तिथं नसेल, दुसरीकडं असेल. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला तर आमसूल, गोळी काही नको, थेट इमर्जन्सी. आणि ताप असताना अंगावर लाल ठिपके आले तर त्यावर काचेचा ग्लास दाबा. ग्लासाखाली ते पुसले गेले नाहीत तर रक्त कातडीखाली आलंय, त्यात वाट बघायची नाही, डेंगीच्या दिवसात तर नाहीच.

खरूज गेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, औषध फेल गेलं असं समजून परत परत लावू नका.

कॉलेजरोडकर

तीळ कधी दाखवायचा? आणि मानेचा काळेपणा जातच नाही, घासून घासून थकलो.

त्वचा_आणि_तारा

जो तीळ बदलतोय तो. दोन अर्धे सारखे नाहीत, कड वेडीवाकडी, एकात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा अचानक वाढणारा, रक्त येणारा. आपल्याकडं तळपाय, तळहात आणि नखाखाली नवा काळा पट्टा, हे जास्त बघायचं, तिथं कोणी बघत नाही. महिनाभर न भरणारी जखम तशीच, चामखीळ म्हणून दोरा बांधू नका. मान घासू नका, मखमलीसारखी जाड आणि काळी असेल तर तो मळ नाही, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते बऱ्याचदा. साखर आणि वजन तपासा.

सातपूरचा_फिटर

मॅडम, ट्यूबवर नेमकं काय वाचायचं ते एकदा लिहून द्या.

त्वचा_आणि_तारा

क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. यातलं एकही नाव दिसलं की ते स्टिरॉइड. महिनोन्महिने लावत असाल, विशेषतः चेहऱ्यावर गोरेपणासाठी, तर एकदम बंद केल्यावर उसळून येतं, त्यामुळं घाबरून परत लावू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडं या. आणि काहीही लावायच्या आधी दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. दोन आठवड्यांनी तो फोटो मला शंभर प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

सातपूरचा_फिटर

घरी कपाटाचा खण उघडला. पाच ट्यूबा निघाल्या, तीनवर यातली नावं आहेत. एक आईची आहे, ती दोन वर्षांपासून वांगासाठी तोंडाला लावतेय. तिच्या गालाचा फोटो काढलाय, नाणं ठेवून. सोमवारी दोघं येतो ओपीडीला, ट्यूबा पिशवीत घालून ठेवल्यात.